दुसरं बाळंतपण

जबलपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ताई,

नमस्कार. परवा फोनवर आमचे योगेंद्र तुझ्याशी घसा कोरडा पडेपर्यंत ओरडले, तुला त्यातलं निम्मं ऐकू आलं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरलंस. 'विनूला कावीळ झाली' असं तू शेजारी सांगितल्याचं योगेशने कळवलं. आईने शेजारी काय सांगितलं ते मला कळवायची वेळ तुझ्या लेकावर यावी! कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू डब्यात घालून ठेवलंयस, आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात. तेव्हा कागदच बरा.

कावीळ नाही ताई, कॅन्सर आहे. अंडाशयाचा. पोट फुगत होतं आणि मी गॅस समजून ओवा चावत होते. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. पोट उभं उघडून पिशवी, दोन्ही अंडाशयं आणि जिथे जिथे पसरलंय ते सगळं काढणार. मग जखम भरली की केमो. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या: ऑपरेशननंतर लवकर उठायचं आणि केमो वेळेवर सुरू करायची. उशीर केला तर पोटात राहिलेलं पुन्हा पसरतं.

त्यांची पद्धतही नवीनच आहे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गोड पाणी प्यायला देणार. संध्याकाळी थोडं खायला घालणार. आणि दुसऱ्या दिवशी चालवणार! योगेंद्रांना वाटलं, डॉक्टर थट्टा करून राहिले. "इतना बड़ा पेट काटकर दूसरे दिन चलाओगे?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

आता खरं ते सांगते, तुलाच सांगते. कॅन्सर आहे म्हटल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आता झोपायला मिळेल, असं वाटलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा शाळेतली नोकरी सोडली, तेव्हापासून त्यांची कूस बदलता बदलता माझी पाठ कधी टेकलीच नाही. त्या गेल्या, वर्षश्राद्ध झालं, म्हटलं आता जरा बसू. तर हे.

मेघना झाली तेव्हा आई नव्हती, तू आलीस आणि सगळं निभावून नेलंस. या वेळी तुझे गुडघे तुला येऊ देणार नाहीत, माहीत आहे. काय खायचं, काय पाळायचं ते तेवढं लिहून पाठव.

तुझी
विनू


आर्वी
२३ नोव्हेंबर

विनू,

पत्र वाचून रडले, मग पदराला डोळे पुसून डिंक तळायला घेतला. रडत बसून तुझ्या पोटाचं काय भलं होणार आहे? योगेश नागपूरहून जबलपूरच्या बसमध्ये बसेल, त्याच्याजवळ लाडू, बाळंतशेपा आणि माझ्या जुन्या लुगड्याचा पट्टा देते आहे. पट्टा धुवून, उन्हात वाळवून ठेवलाय. मऊ आहे, टोचणार नाही.

आता नीट वाच. मी डॉक्टर नाही, पण बाईची पिशवी रिकामी झाली की तिथे वारा शिरतो, एवढं मला कळतं. मग ती बाळाने रिकामी होवो की डॉक्टरने. तुझं हे दुसरं बाळंतपणच समज. सव्वा महिना पाय जमिनीला लावायचा नाही, गरजेपुरतं सोडून. खोलीची खिडकी बंद. कानाला फडकं. गार पाण्याला शिवायचं नाही, शेपा घालून उकळलेलं पाणी घोट घोट प्यायचं, घटाघटा नाही. खाटेखाली शेगडी, संध्याकाळी ओव्याची धुरी, आणि पोट करकचून बांधायचं.

दुसऱ्या दिवशी चालवतात म्हणे! त्यांना पलंग रिकामा करायचा असेल. तिथे असेपर्यंत हो ला हो म्हण, घरी आलीस की माझं ऐक. मेघनाच्या वेळी माझं ऐकलंस, तर आज पंचावन्न ओलांडून कंबर शाबूत आहे की नाही?

योगेंद्ररावांना हे पत्र वाचून दाखव. पुरुषमाणसाला नियम लिहून दिला की तो पाळतो, नुसतं सांगितलं की विसरतो. घाबरू नकोस. मी आहे.

तुझी ताई
प्रमोदिनी


जबलपूर
९ डिसेंबर

ताई,

घरी आले. पोट दुखतं, पण अक्षर सरळ येतंय.

दवाखान्यात काय काय झालं ते ऐकशील तर तोंडात बोट घालशील. शुद्धीवर आले, संध्याकाळी पेज दिली, आणि जेवणानंतर काय दिलं असेल? च्युइंग गम! आतडी लवकर जागी व्हावीत म्हणून. मेघनाला लहानपणी त्यावरून मी किती रागावले होते, आणि आता तीच शेजारी बसून 'आई, चबाओ' म्हणत होती. समोरच्या पलंगावरची म्हातारी आणि मी, दोघी एकमेकींकडे बघत रवंथ करत होतो. हसायला आलं की टाके ओढायचे, म्हणून पोटावर उशी धरून हसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीतांजली नावाची पोरगी आली, व्यायाम करवून घेणारी. गोंदियाकडची. "चला काकी, उठा. झोपून काहून राहिल्या?" मी म्हटलं, "बाई गं, पोट शिवलंय माझं." तर म्हणते, "पोट शिवलं, पाय थोडीच शिवले!" धरून उभी केली. डोळ्यापुढे अंधारी आली, मग गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत एकटी जाऊन आले. खरं म्हणजे तिथे मला बरं वाटत होतं.

घरी आले तर योगेंद्रांनी तुझ्या पत्राप्रमाणे सगळा जामानिमा केलेला. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे, खाटेखाली शेगडी. वीज मंडळात हापिसचं परिपत्रक पाळत तसं तुझं पत्र पाळून राहिले. डॉक्टरांचा कागद फ्रिजवर चिकटवलाय आणि तुझं पत्र देवघरात ठेवलंय, यावरून काय ते समज. धुरीने मला ठसका लागला आणि प्राण कंठाशी आले, तरी त्यांनी ओवा टाकायचं सोडलं नाही.

आणि चहा ताई! सकाळी यांनी चहा करून खाटेपाशी आणून दिला. पांचट होता, आलं कच्चं होतं. पण लग्न झाल्यापासून मला कोणी अंथरुणात चहा दिल्याचं आठवत नाही. शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्याले. मेघना बँकेत जायच्या आधी माझी वेणी घालून देते. शेजारच्या बेबीताई आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला असं निवांत मी कधी पाहिलंच नाही."

मी उठते म्हटलं की योगेंद्र म्हणतात, "ताईंनी सांगितलं ना!" आणि मीही फारसं म्हणत नाही.

विनू


आर्वी
१४ डिसेंबर

विनू,

बघ! माझं ऐकलंस की नाही, चहासुद्धा मिळाला. योगेंद्ररावांना माझा आशीर्वाद सांग. ठसका लागत असेल तर ओवा कमी टाका, पण धुरी सोडू नका.

ते गम की काय ते मी इथे कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील, आर्वीच्या बाईची बहीण म्हातारपणी वाया गेली.

दुखतं किती, जेवण जातं का, हे काही लिहिलं नाहीस. आणि लाडू कोण खातंय? योगेंद्ररावांचं पोट मला माहीत आहे, तुझ्या लग्नात त्यांनी बुंदीचं काय केलं ते सगळ्या आर्वीने पाहिलंय. डबा उशाशी ठेव.

सव्वा महिना सरला की लगेच उड्या मारू नकोस. हे काही साधं बाळंतपण नाही, मोठं आहे. दोन महिने धर. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.

ताई


जबलपूर
३० दिसंबर

मावशी,

प्रणाम. मी मेघना. मला मराठी लिहिण्याची आदत नाही, बोलते पण ते पण अर्धी हिंदी असते. गलती होईल तर माफ करा. पप्पांना माहीत नाही मी लिहून राहिली.

आईची तब्येत ठीक नाही. मागच्या हफ्त्यात तिचा डावा पाय सुजला, लाल झाला. डॉक्टरनी पायाची सोनोग्राफी केली, आत रक्ताची गुठळी निघाली. ते म्हणाले सतत झोपून राहिल्याने आणि पाणी कमी पिल्याने असं होते, गुठळी छातीत गेली असती तर जान पण जाऊ शकली असती. आता पोटाला इंजेक्शन चालू आहेत.

केमो आतापर्यंत सुरू व्हायला पाहिजे होती. डॉक्टर खूप नाराज झाले. पप्पांना म्हणाले, "ऑपरेशन बढ़िया हुआ है, घाव भर गया है, पर मैं इनको केमो दूँ कैसे? ये तो दो कदम चल नहीं रहीं। यहाँ से चलकर गई थीं।"

मावशी, मी आईला उठ म्हणते तर ती म्हणते ताई नको म्हणते. पप्पा पण तेच म्हणतात. म्हणून मी देवघरातून तुमचे दोन्ही पत्र काढून वाचले, हळूहळू, पण सगळे वाचले. तुम्ही लिहिलं तितकंच नाही, न लिहिलेलं पण ती तुमच्या नावावर सांगते. खुर्चीवर बसून जेवू नको, असं तुम्ही कुठे लिहिलं? अंगणात उन्हात बसू नको, कुठे लिहिलं? मला वाटते तिला उठायचंच नाही. काहून, ते समजत नाही. विचारलं की ती दीवारकडे तोंड करते.

लाडू सगळे डब्यात आहेत. तिने एक पण नाही खाल्ला.

मला खूप भीती वाटून राहिली मावशी. तुमचं ती ऐकते.

तुमची
मेघना


आर्वी
४ जानेवारी २०२५

विनू,

मेघनाचं पत्र आलं. तिला रागावू नकोस. तिने नसतं लिहिलं तर मी आजही इथे बसून तुझी खिडकी बंद करत राहिले असते.

पत्र घेऊन मी इथल्या लेडी डॉक्टरकडे गेले. वाटलं, ती तरी म्हणेल की बाई, तुमचंही थोडं बरोबर आहे. तिने मला समोर बसवलं आणि असं काही झापलं की बस. पाणी बंद, हालचाल बंद, वर शेकत ठेवलं, म्हणजे रक्त गोठायला आणखी काय लागतं, असं म्हणाली. पोटात कॅन्सर असला की रक्त तसंही लवकर गोठतं म्हणे. मला कुठे माहीत होतं? विनू, माझी पथ्यं तुला मारायला निघाली होती.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. बाळंतीण झोपलेली असते तेव्हा कुशीत बाळ असतं. ते रडतं, भिजतं, भुकेजतं, तिला दहादा उठवतं. तुला तिथे कोण उठवणार, हा विचार मी केलाच नाही.

तेव्हा खिडकी उघड, शेगडी बाहेर काढ, पाणी पोटभर पी आणि ऊठ. आज, पत्र वाचून झाल्याबरोबर.

पण एक विचारते. खुर्चीवर बसू नको असं मी कधी म्हटलं? उन्हाला मी कधी नाही म्हटलं? माझ्या नावावर काय काय खपवून राहिलीस? तू लहानपणापासून खोटं बोलायला लागलीस की पांघरूण डोक्यावर घेतेस, इथे बसून मला ते पांघरूण दिसतंय. काय झालंय ते लिही. मेघनाला नको सांगू, तिच्या पप्पांना नको सांगू, मला सांग.

ताई


जबलपूर
९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी या वेळी कोणाला वाचून दाखवलं नाही.

विचारलंस म्हणून सांगते. दवाखान्यातून आल्यावर मी चालू शकत होते. दोन-तीन दिवसांनी पाणी प्यायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. योगेंद्र गॅसपाशी होते. त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला ताई, जसं बुडणाऱ्या माणसाला कोणी हात दिला. "अरे वा, उठलीस! जरा बघ तर, ही डाळ अशी काहून होऊन राहिली?" मी गेले. बघितलं. हळद जास्त झाली होती, पाणी कमी. मी पाणी घातलं, मीठ घातलं. तेवढ्यात त्यांनी पळी माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन पेपर उघडला.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. खरंच नव्हतं. बायको उठली, डाळ तिच्या हातात गेली, जग पुन्हा जागेवर आलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझ्यासाठी कमी का केलंय? पण मी तिथे उभी राहिले, पोटावर टाके, हातात पळी, आणि मला दिसलं की बरं होणं म्हणजे हेच. बरी झाले की हजेरी. मी पळी ठेवली, गॅस बंद केला, येऊन खाटेवर पडले आणि म्हटलं, ताईने उठायचं नाही सांगितलंय. तुझ्या नावावर पहिलं खोटं ते.

मग ते सोपं होत गेलं. खुर्चीवर बसले तर म्हणतील बसता येतं, उन्हात गेले तर म्हणतील चालता येतं. लाडू खाल्ला तर म्हणतील भूक लागली, आता ठीक आहे.

मला मरायचं आहे असं नाही. पण उठायचंही नाही. पाय सुजला तेव्हासुद्धा मला फारसं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. केमोचे इतके डोस घ्यायचे, ओकायचं, केस जाणार, आणि हे सगळं सोसून परत कुठे यायचं, तर त्या ओट्यापाशी. त्यापेक्षा आजार बरा वाटतो. आजारी बाईला निदान 'काय हवं' असं विचारतात.

मेघनाला हे कसं सांगू? तिला वाटेल, आईला माझ्यासाठीसुद्धा उठावंसं वाटत नाही. तिच्यासाठीच तर इतकी वर्षं उठत आले. दमले गं ताई. फार दमले.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. तोवर खाऊन-चालून दाखवलं तर केमो सुरू करतील. नाहीतर आणखी पुढे, आणि फार पुढे गेली तर तिचा उपयोग नाही, असं ते योगेंद्रांना दाराबाहेर सांगत होते. मला ऐकू आलं. मी डोळे मिटून घेतले.

विनू


आर्वी
१२ जानेवारी

(योगेशच्या हाती)

योगेंद्रराव,

हे पत्र तुम्ही वाचावं, मोठ्याने, विनू आणि मेघना समोर असताना.

मी आधी लिहिलेली पथ्यं चुकीची होती. देवघरातून ती पत्रं काढा. चूक माझी, तुम्ही तर बिचारे अक्षर न् अक्षर पाळत होतात. आता डॉक्टर सांगतील तसंच करायचं. विनूने चालायचं, खुर्चीवर बसून जेवायचं, पाणी प्यायचं, अंगणात जायचं, फाटकाशी जायचं, अंगात बळ आलं की ओमती चौकापर्यंत जायचं, तिलवारा घाटावर नेऊन नर्मदा दाखवलीत तरी चालेल.

फक्त एक पथ्य राहील, ते मी मागे घेत नाही. सोयर. बाळंतीण सोयर फिटेपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, हे तुमच्या मातोश्रीही मानत होत्या. विनूचं सोयर आजपासून धरा. ती स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही. ओट्याला, गॅसला, पळीला हात लावणार नाही. आणि नुसतं ती आत गेली नाही म्हणजे झालं असं नाही. आत असलेल्या माणसाने तिला जिरं कुठंय, मीठ किती, जरा बघतेस का, असं विचारायचंही नाही. जे सापडणार नाही ते शोधायचं, नाही सापडलं तर त्याशिवाय जेवायचं. ती चालते-फिरते आहे हे बघून कोणी म्हटलं, आता काय झालं हिला, तर तेही सोयर मोडणंच.

हे किती दिवस, ते मी सांगेन. सव्वा महिन्याचा हिशोब इथे लावायचा नाही. केमो संपली तरी मी सांगेपर्यंत फिटलं समजू नका. आणि बाळ नाही तर सोयर कसलं, असं कोणी विचारलं तर त्याला आर्वीला पाठवा, मी बघते.

तुम्ही मंडळात आयुष्यभर नियमाने चाललात. हा एक नियम माझ्यासाठी.

प्रमोदिनी

(आत घडी करून वेगळा कागद)

विनू, हा तुझ्यापुरता. तू लिहिलेलं मी कोणाला सांगितलं नाही, सांगणार नाही. दमलीस, ते समजलं. पण मेल्यावर विश्रांती मिळते हे तुला कोणी सांगितलं? विश्रांती जिवंत माणसाला लागते, मेलेल्याला तिचा काय उपयोग? ती तुला इथेच मिळवून देते, माझी म्हातारीची जेवढी सत्ता चालते तेवढी चालवून. पण पाय तुझे तुलाच उचलावे लागतील. ते मला आर्वीहून जमत नाही.


जबलपूर
४ फेब्रुवारी

ताई,

पहिला डोस झाला. दोन दिवस ओकले, तिसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला. केसांचं अजून काही झालेलं नाही, पण कंगव्यात जरा जास्त येतात. मेघना मला न दाखवता ते कागदात गुंडाळून टाकते.

तुझं पत्र योगेंद्रांनी उभं राहून वाचलं. मग मेघनाला हळूच विचारलं, "सोयर मतलब नमक भी नहीं पूछ सकते?" ती म्हणाली, "नहीं पप्पा." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या कडीला लाल फडकं बांधलेलं. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, लाइन बंद असली की आमच्याकडे खांबाला बांधतात, कोणी चुकून हात लावू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मी उशी पोटाशी धरून फाटकापर्यंत गेले. पायात गुठळीसाठी दिलेले घट्ट मोजे, आणि अंगात स्वेटर. बेबीताई गच्चीवरून बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रोज थोडं थोडं. आत भांडी आपटत, काहीतरी जळत. एकदा योगेंद्रांनी आतून हाक मारली, "विनता, जिरं..." आणि जीभ चावली. मग म्हणाले, "कुछ नहीं, तुम चलो." त्या दिवशी भाजीत जिऱ्याच्या जागी शहाजिरं होतं. खाल्लं आम्ही.

सध्या मटारचे दिवस आहेत, तुला माहीत आहे जबलपूरला मटार आला की घरोघरी ढीग. बापलेक अंगणात बसून सोलत होते. मी खुर्चीवर होते. माझा हात आपोआप शेंगेकडे गेला, तर मेघनाने टोपलं ओढून घेतलं. मी म्हटलं, अगं अंगणात बसून सोलणं स्वयंपाकघरात येतं का? ती म्हणाली, मावशीला विचारू. तर विचारते. पण उत्तराची घाई नाही. मला नुसतं उन्हात बसून दुसऱ्याने सोललेला मटार खायला फार आवडलं.

दमणं गेलेलं नाही ताई. सकाळी उठते तीच दमलेली. कधी कधी वाटतं, परत जाऊन भिंतीकडे तोंड करावं. लाडू एक दिवसाआड एक जातो.

काल रक्त तपासायला गेलो होतो. पांढऱ्या पेशी कमी आल्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तपासू, तेवढ्याच राहिल्या तर दुसरा डोस थोडा लांबवावा लागेल. तसं होतं म्हणे, घाबरायचं कारण नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि माझे दात वाजायला लागले. योगेंद्रांनी स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. त्यांना वाटलं थंडी. थंडी नव्हती, ऊन अंगावर आलं होतं. मी घाबरले होते ताई. डोस लांबला तर? पुन्हा पसरलं तर? मी मेले तर? इतक्या महिन्यांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं, आणि काल त्या बाकावर एकदम आलं, आणि जाईना. मी योगेंद्रांचा हात धरला आणि म्हटलं, "मला मरायचं नाही हो." ते सगळ्यांसमोर रडायला लागले. एवढा मोठा माणूस.

बसवेना, म्हणून आम्ही उठलो आणि त्या कॉरिडॉरमध्ये चालायला लागलो. पुढची तारीख लिहून घ्यायला आमचा नंबर आला तेव्हा आम्ही पार दुसऱ्या टोकाला होतो. सिस्टरला माझं नाव घेऊन दोनदा ओरडावं लागलं.

तुझी
विनू